नये, बारदु, रादु : सोलापुरातल्या पाट्यांच्या नोंदी

१७ एप्रिल २०२५

परवा पातूरचा निकाल लागला. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर वर मराठी आणि खाली उर्दू आहे. ती उर्दू ओळ काढा, म्हणून वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. न्या. सुधांशू धुलिया आणि न्या. के. विनोद चंद्रन यांनी ती ओळ राहू दिली. भाषा म्हणजे धर्म नव्हे, ती माणसांची आणि मुलखाची असते, असं त्यांनी म्हटलंय. बातमी दोनदा वाचली. एका पाटीवरच्या एका ओळीसाठी माणसं दिल्ली गाठतात, म्हणजे पाटी ही काही किरकोळ वस्तू नाही.

कधीपासून डोक्यात घोळणारं काम आज वहीत उतरवलं. आमच्या सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच बोळात नांदतात. पूर्व भागातली विणकर पद्मशाली घरं तेलुगू बोलतात. मंगळवार पेठेत भाजीवाली गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघून भाषा बदलते. बोलण्यातलं हे येणं-जाणं भिंतींवर मात्र दिसत नाही. म्हणून रस्त्यावरच्या अगदी रोजच्या पाट्या घ्यायच्या, 'येथे थुंकू नये', 'चपला बाहेर काढा', 'आज रोख उद्या उधार' अशा, त्या चारही लिप्यांत एकाच पत्र्यावर रंगवायच्या आणि परत रस्त्यावरच लावायच्या. आपल्यात सारखं काय आहे ते जाता-येता दिसलं पाहिजे. कसं दिसेल, ते अजून ठरत नाही.

आम्ही तिघं आहोत. मी अक्षरांचं बघणार, मैत्रीण फोटो काढणार आणि तिचा भाऊ वेल्डिंग करणार. पेंटर शोधायचाय.

२७ एप्रिल

ऊन इतकं, की सकाळी साडेनऊनंतर रस्त्यावर उभं राहवत नाही. तीन सकाळी फिरलो. कन्ना चौक, साखर पेठ, विजापूर वेस, मधला मारुती, मग अशोक चौकाकडून पुढे. जे जे भिंतीवर लिहिलेलं दिसलं ते टिपून घेतलं. दुकानांची नावं सोडून दिली, फक्त सूचना घेतल्या.

एकेक सूचना किती जुनी असते! एका गिरणीत 'डबा ठेवून जाऊ नये' असं लिहिलंय. चुन्याचे इतके हात त्यावरून फिरलेत की अक्षरं भिंतीतून वर आल्यासारखी दिसतात. मालक म्हणाले, वडिलांनी लिहून घेतली होती. दर दिवाळीला भिंतीला चुना लागतो आणि त्याच अक्षरांवरून परत ब्रश फिरतो.

जिन्याच्या कोपऱ्यांत देवांच्या टाइल्स सगळीकडे दिसल्या. गणपती, काबा, क्रूस, साईबाबा एका ओळीत, गुडघ्याच्या उंचीवर. कुणी पिचकारी मारू नये म्हणून लावलेल्या. शब्द नसलेली ही पाटीच आहे आणि चारही समाजांना ती लगेच कळते. मैत्रिणीला ती प्रकल्पात हवी होती. मला नको आहे. देवाला राखणीला बसवून मिळणारं साम्य मला लावायचं नाही. माणूस माणसाला शब्दांत काय सांगतो, तेवढंच घेऊ.

४ मे

आज सापडलं.

पूर्व भागात एका चाळीच्या दारात विड्या वळत बसलेल्या मावशींना आमच्या यादीतली तेलुगू वाक्यं विचारत होते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली तेंदूची पानं. बोलताना हात थांबत नाही. मी मराठी यादी पुढे केली तेव्हा त्या म्हणाल्या, "नाकु मराठी चदवडं रादु." मला मराठी वाचायला येत नाही. आणि लगेच पुढचं वाक्य सांगितलं, थुंकू नयेचं: "इक्कड उम्मि वेयरादु."

पहिला रादु 'येत नाही'चा. दुसरा रादु 'नये'चा. शब्द एकच.

घरी येईपर्यंत तेच घोळत होतं. संध्याकाळी आमच्या ओळखीच्या निवृत्त कन्नड शिक्षकांना फोन लावला. कन्नडमध्ये 'थुंकू नये'ला काय म्हणतात? "इल्लि उगुळबारदु." आणि बारदुचा मूळ अर्थ? "येत नाही," सर म्हणाले. बा म्हणजे ये, बारदु म्हणजे ते येत नाही. त्यावरूनच 'करता येत नाही' आणि 'करू नये'.

मग मी गप्पच झाले, कारण आपला 'नये'ही तोच आहे. न आणि ये. ते येत नाही. जन्मभर हा शब्द लिहिला, वाचला, पोरांना दटावताना वापरला, आणि त्यात 'येणे' बसलंय हे कधी दिसलं नव्हतं. तिन्ही भाषांत मनाईचा शब्द एकाच क्रियापदाला नकार देऊन झालाय. ये, बा, रा. नये, बारदु, रादु. हिंदीत 'थूकना मना है' किंवा 'न थूकें' म्हणतात, तिथे येण्याचा संबंध नाही. मराठीच्या नात्यातल्या उत्तरेकडच्या भाषा या वाटेने गेल्या नाहीत. मराठीने हे शेजारच्या ओट्यावर बसून उचललं, असं मानणारे भाषा-अभ्यासक आहेत, आणि मला ते पटतं.

सरांनी फोन ठेवताना विचारलं, "हे पाटीवर कसं दाखवणार?" तोच तर प्रश्न आहे.

९ मे

उर्दूचं काय? उर्दूत 'यहाँ थूकना मना है'. या 'मना'ची मराठी 'मनाई' तर आपण घरोघरी वापरतो. 'प्रवेश मनाई', 'सक्त मनाई आहे'. मूळ शब्द अरबी. शिवाय इथले मुसलमान रोजच्या बोलण्यात 'नक्को' म्हणतात. दखनीतला तो 'नक्को' आपला 'नको'च. म्हणजे उर्दू आणि मराठी यांनी शब्दांची देवघेव केली, आणि कन्नड-तेलुगूबरोबर मराठीचं वाक्य घडण्याची रीतच जुळली. साम्याच्या दोन वेगळ्या तऱ्हा. दोन्ही एका पत्र्यावर मावल्या पाहिजेत.

२१ मे

पेंटर मिळाले. तुळजापूर वेशीजवळ त्यांचं छोटं दुकान आहे. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही म्हणते. ते मला आधी मॅडम म्हणाले, मग ताई, आता अक्का. अक्का हा तर मराठी, कन्नड, तेलुगू तिन्ही घरांतला शब्द. त्यांना तो पूर्व भागातल्या गिऱ्हाइकांकडून लागलाय.

चाचा चारही लिप्या रंगवतात. कन्नड, तेलुगू बोलता येतं पण वाचता येत नाही. "लिपी हाताला आली, डोळ्याला नाही," म्हणाले. कागदावर कुणी लिहून दिलं की ते हुबेहूब पत्र्यावर उतरवतात. आता कामं फार कमी. फ्लेक्स आल्यापासून नंबरप्लेट, टेम्पोच्या मागचं लिखाण आणि कधीमधी एखादी भिंत. पंढरपुरात जन्मलेले चित्रकार एम. एफ. हुसेन मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवत होते, हे त्यांना माहीत होतं आणि त्यांनी ते फार आदराने सांगितलं. आपल्या जिल्ह्यातला, आपल्या धंद्यातला माणूस, म्हणून.

३ जून

फ्लेक्सवरच नमुना काढून बघू, स्वस्त पडेल, हा माझा हट्ट अंगाशी आला. एका दुकानात चार ओळींचा मजकूर दिला. मराठी, कन्नड, तेलुगू नीट आलं. उर्दू मात्र सुटं झालं. त्यांच्या संगणकाला उर्दू जुळवता येत नव्हती. म्हणून प्रत्येक अक्षर एकटं आणि वर डावीकडून उजवीकडे लागलं. मला उर्दू वाचता येत नाही, मी ते घेऊन आले आणि चाचांच्या दुकानात भिंतीला लावलं. ते बराच वेळ बघत राहिले. मग शांतपणे म्हणाले, "अक्का, ये पढ़ा नहीं जाता."

त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी विसरणार नाही. आपली भाषा शेजारी सन्मानाने लावतोय असं सांगत एक बाई येते आणि मोडलेली अक्षरं भिंतीला टांगते. फ्लेक्स तिथेच गुंडाळला. ठरवून टाकलं, सगळ्या पाट्या हाताने रंगवायच्या. आणि कुठलीही ओळ ती भाषा वाचणाऱ्या दोन माणसांनी तपासल्याशिवाय पत्र्यावर जाणार नाही.

१९ जून

मांडणीवर अडकलोय. विचार असा होता: निळा पत्रा, पांढरी अक्षरं आणि फक्त नये, बारदु, रादु, मना एवढे शब्द पिवळे. चार ओळी एकाखाली एक. मराठी, कन्नड, तेलुगू डावीकडून सुरू होतात, त्यामुळे पिवळा शब्द उजव्या टोकाला येतो. उर्दू उजवीकडून सुरू होते, म्हणून तिचा 'मना' डाव्या टोकाला जातो. तीन पिवळे एका बाजूला आणि चौथा एकटा दुसऱ्या कोपऱ्यात. जे साम्य दाखवायचं, त्यातून नेमकी उर्दू बाहेर पडलेली दिसते. शिवाय उर्दूची ओळ उजवीकडून उतरत येते, तिला उंची लागते. इतर तीन ओळींएवढ्या पट्टीत कोंबली की ती चेंगरते.

आठ कच्चे कागद झाले. एकही पटला नाही.

२४ जून

चाचांनी सोडवलं. खडूने जमिनीवर चौकट काढली. उभा पत्रा सोडून आडवा घेतला, चार फूट बाय दोन फूट. मधोमध एक रेघ. डाव्या अर्ध्यात मराठी, कन्नड, तेलुगू एकाखाली एक, तिन्ही ओळी मधल्या रेघेशी संपणाऱ्या. उजव्या अर्ध्यात एकटी उर्दू, पूर्ण दोन फुटांची उंची घेऊन, उजव्या कडेपासून निघालेली आणि मधल्या रेघेकडे येत संपणारी.

चारही पिवळे शब्द पाटीच्या मध्यावर येऊन भेटतात! दोन दिशांनी चालत आलेली माणसं चौकात भेटावीत तशी. मी जमिनीवर बसून ते कितीतरी वेळ बघत होते. माझ्या आठ कागदांत हे नव्हतं, कारण मी उर्दूची ओळही मनात डावीकडूनच वाचत होते.

अक्षरांची उंची डावीकडे तिन्ही ओळींना सारखी, मराठी वर. दुकानांच्या पाट्यांवर देवनागरी इतर लिपीपेक्षा लहान असू नये, असा राज्याचा नियम २०२२ पासून लहान दुकानांनाही लागू आहे. आमच्या पाट्यांवर दुकानाचं नाव नसेल, पण लागणार त्या दुकानांच्याच भिंतींवर. उगाच कुणा दुकानदाराला त्रास नको.

८ जुलै

पाऊस. पत्रे घासून रेड ऑक्साइड लावून ठेवलेत, पण दमट हवेत इनॅमल लवकर सुकत नाही. वाचन चाललंय.

वाहतुकीच्या खऱ्या पाट्यांना हात लावायचा नाही हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं आहे. तसं करणं कायद्यात बसत नाही आणि मनालाही पटत नाही. फ्लॉरेन्समध्ये क्ले अब्राहम हा कलाकार 'प्रवेश बंद'च्या पाट्यांवर निघतील असे स्टिकर लावून त्यांतून गमतीदार चित्रं करतो. बघायला छान वाटतं. पण आपल्या रस्त्यावर आधीच पाटी मानणारे थोडे, त्यात आणखी गोंधळ नको. म्हणून लाल काठाचा त्रिकोण, लाल कडं आणि अष्टकोन हे आकार आम्ही वर्ज्य केलेत. १९६८ च्या व्हिएन्ना करारानंतर हे आकार बऱ्याच जगाने वाटून घेतलेत. एखादा माणूस परक्या देशात अक्षर न वाचता थांबतो तो त्या अष्टकोनामुळे. ते जपायलाच हवं.

त्याच व्हिएन्नात १९२० च्या दशकात ऑटो नॉयराथ आणि नंतर त्यांच्याबरोबर चित्रकार गेर्ड आर्न्त्स यांनी चित्रचिन्हांची भाषा घडवली. शब्द तोडतात, चित्रं जोडतात, हे नॉयराथांचं गाजलेलं वचन. आज विमानतळावर, रेल्वे स्टेशनात जी चिन्हं आपण बघतो त्यांच्यामागे ही दृष्टी आहे. चित्राची ताकद मी नाकारत नाही. २०२० साली मुंबईत दादरला पादचाऱ्यांच्या सिग्नलवर फ्रॉक घातलेली बाई दिसू लागली, तेव्हा केवढा आनंद झाला होता मला! बर्लिनमध्ये पूर्व जर्मनीचा हॅटवाला सिग्नलमाणूस, कार्ल पेग्लाऊ यांनी १९६१ मध्ये आखलेला, एकीकरणानंतर जाणार म्हणताच लोक त्याच्यासाठी उभे राहिले.

पण पहिल्या अर्ध्याशी माझं भांडण आहे. शब्द तोडतात हे सोलापुरात खरं नाही. चित्रात थुंकणाऱ्या माणसावर फुली मारली की अर्थ पोचतो आणि गोष्ट संपते. बारदु आणि नये शेजारी लिहिले की कळतं, या दोन घरांच्या मधली भिंत किती पातळ होती. ते कुठलंच चित्र सांगणार नाही.

२६ जुलै

चार दिवस उघडीप. पहिली पाटी रंगवली.

चाचा काम करताना जवळून बघायला मिळालं. निळ्याचे दोन हात आधीच दिलेले. खडू लावलेली दोरी दोन्ही टोकांना ताणून मधून चिमटीने उचलायची आणि सोडायची. फट्‌ आवाज येतो आणि पांढरी रेघ उमटते. डाव्या हातात टेकायला काठी, तिच्या टोकाला कापडाचा बोंडा, म्हणजे ओल्या पत्र्याला लागत नाही. मराठीत आधी सगळी अक्षरं, मग एका दमात शिरोरेषा. श्वास रोखून मारतात. कन्नड आणि तेलुगूत बहुतेक अक्षरांच्या डोक्यावर एक सुटा फटकारा असतो. दोन्ही भाषांत त्याला साधारण एकच नाव आहे, कन्नडमध्ये तलेकट्टु, तेलुगूत तलकट्टु, डोक्याला बांधलेलं. आपल्याकडे एकच रेघ सगळ्यांच्या डोक्यावरून जाते, त्यांच्याकडे प्रत्येकाचा फेटा वेगळा. उर्दूच्या अक्षराचं माप मात्र ठिपक्यांत. ब्रशच्या रुंदीएवढा तिरका चौकोनी ठिपका, त्यावरून उंची आणि पोट ठरतं.

पिवळा शेवटी लागला. आणि तेव्हा एक गोष्ट समोर आली जी कागदावर लक्षात आली नव्हती. बारदु आणि रादु या दोन्ही शब्दांचा शेवट 'दु' आहे, आणि कन्नडचा दु आणि तेलुगूचा दु जवळजवळ एकाच वळणाचे. दोन्ही लिप्या एकाच जुन्या लिपीतून निघालेल्या, हे पुस्तकात वाचलं होतं. इथे एकाखाली एक ओले पिवळे दु चकाकत होते. चाचांनी दुसरा रंगवताना पहिल्याकडे बघितलं, ब्रश थांबवला आणि म्हणाले, "ये तो वहीच है." त्यांनी इतकी वर्षं दोन्ही रंगवले होते, पण वेगवेगळ्या दुकानांसाठी, वेगवेगळ्या दिवशी. एकाखाली एक कधी नाही.

१० ऑगस्ट

नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय रथोत्सव पार पडला. पूर्व भाग सगळा रस्त्यावर. त्या गर्दीत पाटीचं काम काढणं शक्य नव्हतं, आम्हीही रथाबरोबर चाललो.

दुसऱ्या पाटीचा मजकूर मिळाला. साखर पेठेतल्या किराणा दुकानात 'आज रोख उद्या उधार' आहेच. कन्नड: 'इंदु नगदु, नाळे उद्री'. तेलुगू: 'नेडु नगदु, रेपु अप्पु'. उर्दू: 'आज नक़द, कल उधार'. इथे नगद तीन ओळींत बसलेला आहे आणि मराठीतही 'नगद' चालतोच. उद्री म्हणजे आपली उधारी. पण मला भावलं ते वेगळंच. गल्ल्यावरच्या आजी कर्नाटकातून लग्न होऊन आलेल्या. त्या म्हणाल्या, आमच्याकडे दारावर 'नाळे बा' लिहायचे. उद्या ये. रात्री ओळखीच्या आवाजात हाक मारत कुणी अमंगळ दारात येतं, ते वाचून परत जातं, दुसऱ्या रात्री येतं, परत तेच वाचतं. नव्वदच्या दशकात कर्नाटकात ही गोष्ट गावोगाव पसरली होती, आणि तेलुगू मुलखातही दारांवर 'रेपु रा' लिहीत. आजी अगदी गंभीरपणे सांगत होत्या. बाहेरच्याला तोंडावर नाही म्हणायचं नाही, उद्यावर ढकलायचं. उधारी मागणारा असो की दारात आलेलं भूत, त्याचा मान राखून त्याला परत पाठवायचं. चारही भाषांतल्या दुकानदारांना हीच युक्ती सुचली, हे मला नगद या शब्दापेक्षा मोठं साम्य वाटतं.

या पाटीवर पिवळा शब्द 'उद्या' असेल. उद्या, नाळे, रेपु, कल.

२५ सप्टेंबर

सीना नदीला मोठा पूर. माढा, मोहोळकडे गावं पाण्यात. वेल्डिंगचं काम करणारा आमचा भाऊ ट्रॅक्टरवर सामान पोचवायला गेलाय. काम बंद.

१२ ऑक्टोबर

पुन्हा सुरुवात. चोवीस पाट्यांचं ठरलं होतं, नऊवर आणलं. पैसे आणि वेळ दोन्ही पुराकडे गेले, आणि ते योग्यच झालं.

आज तीन लावल्या. विजापूर वेशीजवळ पहिली लागताना एक तरुण येऊन उभा राहिला. "काय लिहायलाव? कानडी कशाला पाहिजे इथं?" आवाज चढलेला होता, पण प्रश्न खरा होता. त्याचे मामा बेळगावकडचे. तिकडे मराठी पाटीसाठी काय सोसावं लागतं ते त्याने सांगितलं. मी मध्ये बोलले नाही. इथेही ते दुखणं जवळचं आहे. सीमावादावरच्या महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालात आमचं अक्कलकोट कर्नाटकाला द्यायची शिफारस होती. घरात म्हातारी माणसं अजून त्यावर बोलतात.

त्याचं झाल्यावर मी एवढंच म्हटलं, की सिद्धेश्वरांची वचनं कुठल्या भाषेत आहेत? गड्ड्याच्या यात्रेत आपण ज्यांचे नंदीध्वज खांद्यावर घेतो ते बाराव्या शतकातले सिद्धराम याच गावचे, तेव्हा सोन्नलिगे म्हणत, आणि त्यांनी कन्नडमध्ये लिहिलं. ती भाषा बाहेरून आलेली नाही. मग पाटीवरचे नये आणि बारदु बोटाने दाखवले, येणे आणि बा सांगितलं. तो पाटीजवळ गेला, पुटपुटला, "न... ये." पटलं असं म्हणाला नाही. पण शिडी धरायला थांबला.

बेळगावात मराठी असावी, सोलापुरात कन्नड असावी. मला या दोन्ही गोष्टी एकदमच हव्या आहेत.

१ नोव्हेंबर

नऊपैकी आठ लागल्या. एक पाटी चार हुतात्मा पुतळ्यांच्या रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर आहे. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे. चार नावं मोठ्याने वाचली तर हेच शहर ऐकू येतं. टपरीवाला म्हणाला, इथे हीच पाटी शोभते. मी ती जागा मुद्दाम धरली नव्हती, भिंत रिकामी मिळाली म्हणून लावली. पण आता ती तिथून हलवणार नाही.

थुंकणं थांबलं का, असं सगळे विचारतात. एका पाटीखाली थांबलंय, एका पाटीखाली नाही. पिचकारी पत्र्यावर मात्र अजून कुणी मारलेली नाही.

९ नोव्हेंबर

विड्या वळणाऱ्या मावशींना त्यांच्या चाळीजवळची पाटी दाखवायला नेलं. तेलुगू ओळ हळूहळू वाचली. रादुवर बोट ठेवलं, मग वरच्या बारदुवर, मग नयेवर. मी सांगितलं की ही सगळी पाटी त्यांच्या एका वाक्यातून निघालीय. त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, "सगळं नको-नकोच लिवलंय. बसा म्हनून कुठं न्हाई का?"

खरंच नाही. नऊ मजकूर, त्यातले सात मनाईचे.

१६ नोव्हेंबर

नववी पाटी आम्ही पत्र्यावर करत नाही. त्याच चाळीपुढे सिमेंटचा कट्टा आहे. संध्याकाळी बायका तिथे बसतात, पुरुष कामावर जाताना डबा टेकवतात. त्याच्या पुढच्या कडेवर चार शब्द लिहायचे. बसा. कूडरी. कूर्चोंडि. बैठो.

या चारही शब्दांना मिळून सारखं असं काही सापडत नाही. मी दोन दिवस शोधत होते. मग सर म्हणाले, "अहो, ज्याच्यावर लिहिताय त्याचं नाव बघा." कन्नडमध्ये कट्टे, तेलुगूत कट्ट म्हणजे बांध, मराठीत कट्टा, आणि चाचाही कट्टाच म्हणतात. सिद्धेश्वर यात्रेतला अक्षता सोहळा होतो तोही संमती कट्ट्यावर. तो शब्द लिहायची गरजच नाही, त्याच्यावर तर बसायचंय.

२२ नोव्हेंबर

सकाळी सातला कट्टा धुऊन घेतला, दहापर्यंत वाळला. चाचांनी सिमेंटवर आधी प्रायमर मारला, कारण सिमेंट रंग पितं. बसा आणि कूडरी दुपारपर्यंत झाले. कूर्चोंडिच्या वेळी मावशी सूप घेऊन बाहेर आल्या आणि बाजूला बसून विड्या वळत बघत राहिल्या. एकदा त्यांनीच थांबवलं. जोडाक्षराखालचा च थोडा लांब गेला होता. चाचांनी टर्पेंटाइनच्या चिंधीने पुसून परत काढला. आता त्या बघतात आणि चाचा त्यांच्याकडे बघून पुढचा फटका मारतात.

बैठो संध्याकाळी झाला. शेजारच्या पोराने रंग ओला आहे म्हणून खडूने खाली 'बसू नये' लिहून ठेवलं. दुसरा हात उद्या सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत. पिवळा संपत आलाय, येताना अर्धा लिटर आणायचा.